देवीलालचा ब्रेक

देवीलाल आडेला भेटायला मी गेले ती त्याचे हात मोडायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला गरीब गाय समजायला नको. मी दारव्हा डेपोला एसटीत कंडक्टर आहे. पिऊन चढणाऱ्या आणि बायांच्या अंगावर रेलणाऱ्या गड्यांना कॉलर धरून खाली उतरवायची मला सवय आहे. त्या दिवशी मात्र माझ्या पिशवीत तिकिटाचं मशीन नव्हतं. चाकाचे नट खोलायचा हातभर लांब लोखंडी पाना होता.

माझा धाकटा भाऊ अमर देवीलालनं बनवलेल्या गाडीत मेला होता आणि आदल्या दिवशी त्याची तेरवी झाली होती. पाहुणे गेले, मांडव निघाला, आणि सकाळी उठून पाहते तर बाबा अंगणात कुऱ्हाडीला धार लावत बसलेले. पाणी टाकायचे, घासायचे, अंगठ्यानं धार बघायचे आणि पुन्हा घासायचे. आई चुलीकडं तोंड करून बसली होती. काय चाललंय ते तिला कळत होतं, म्हणूनच ती वळून बघत नव्हती.

"कुठं निघाले, बाबा?"

"महागावले."

"कायले?"

"मले काय विचारते? तुले माहीत हाये."

मला माहीत होतं. स्मशानात सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, ज्या हातांनी ती गाडी केली ते हात मी ठेवत नाही. माझा बाप बोलून विसरणाऱ्यांतला नाही. घनश्याम गावंडे रागात असले की गावातली माणसं रस्ता बदलतात. म्हाताऱ्याचे हात तोडले तर म्हातारा मरणार आणि बाबा जेलात जाणार. भाऊ गेला, आता बापही जाणार, आणि आई त्या चुलीसमोर तशीच बसून राहणार. मला एकच सुचलं. आपण आधी पोचायचं. त्या म्हाताऱ्याचे हात आपणच मोडायचे आणि घरी येऊन सांगायचं, बाबा, झालं काम, ठेवा ती कुऱ्हाड. हाड मोडलं म्हणून कुणाला जन्मठेप होत नाही. आज हे येडपट वाटतं. तेव्हा मला याहून शहाणं काही सुचत नव्हतं.

बाबांच्या मोटरसायकलची चावी खुंटीवरून काढून कमरेला खोसली आणि आर्णीवरून महागावला जाणारी गाडी पकडली.

देवीलाल आडे कोण ते सांगायला हवं. महागावच्या अलीकडं बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तो तिथला. मिसरूड फुटायच्या आत कापसाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो थेट कोइमतूरला, आणि तिकडंच राहिला. तिकडं रेसच्या गाड्या बनतात. आधी इंजिनं धुतली, मग खोलली, मग स्वतः बांधायला लागला, आणि पुढं पुढं आख्खी गाडी कागदावर काढून लोखंडात उतरवायला लागला. चाळीस वर्षं त्यानं हेच केलं. त्याच्या इंजिनांनी कुठं कुठं कप आणले ते तो न विचारता सांगायचा. बायको वारल्यावर तांड्यात परत आला आणि शेताच्या कडेला टिनाचं शेड टाकून बसला. माणूस वाईट तोंडाचा. मिस्त्री म्हटलेलं त्याला खपत नसे. "मिस्त्री दुरुस्त करते. मी गाडी काढतो," असं म्हणायचा आणि समोरच्याला शेडबाहेर काढायचा.

बाबांचं आणि त्याचं जमलं ते पटामुळं. आमच्याकडं शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल असायचे. बाबा त्यांना आम्हा भावंडांपेक्षा जास्त जपायचे, हे मी रागानं नाही, खरं म्हणून सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळेच बैलांची खांदशेकणी करतात. तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला चोळतात आणि म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. बाबा ते प्रत्येक पटाच्या आदल्या दिवशीही करायचे. जनावर खांद्यानं ओढतं, तिथं माया लावली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढं बैल म्हातारे होऊन गेले आणि अमरला बैलांची आवड नव्हती. त्याला गाड्यांचं वेड. आमच्या भागात हल्ली तूर-सोयाबीन निघालेल्या वावरात गाड्यांचा पट भरवतात. बैलांसारखाच, सरळ पट्टीवर, एका वेळी दोन गाड्या. बाबांनी आधी शिव्या घातल्या, मग एकदा अमरबरोबर जाऊन पाहून आले, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच देवीलालच्या शेडमध्ये जाऊन बसले. देवीलालनं गाडी काढली. नळ्यांचा सांगाडा, छप्पर नाही, दारं नाहीत, इंजिन भंगारातलं पण आतून सगळं त्याच्या हातचं. ती बनत असताना तो आमच्या घरी येऊन जेवायचा आणि आईच्या ठेच्यालाही नावं ठेवायचा. बाबा त्याला काका म्हणायचे. बाबांनी कुणाला इतका मान दिलेला मी पाहिला नव्हता.

पट संक्रांतीनंतर होता, बोरी अरबच्या पुढच्या एका शिवारात. गाडी आमच्या अंगणातून टेम्पोत चढवून नेली. मी सुट्टी काढून गेले होते. एकीकडं स्टेजवर देवीलालचा सत्कार चालला होता, शाल, नारळ, फेटा, आणि दुसरीकडं माईकवर अमरचा नंबर पुकारला. त्यानं समोरच्या गाडीला अर्ध्यातच मागं टाकलं. शेवटची झेंडी पार केली, माणसं ओरडत उठली, आणि गाडी थांबेना. मला लांबून त्याचं डोकं दिसत होतं, पुढं मागं, पुढं मागं, जीव खाऊन तो काहीतरी दाबत होता. थांबायला दोन वावरं मोकळी सोडली होती. गाडीनं ती दोन्ही ओलांडली, धुऱ्याच्या बांधावर चढली, हवेत उलटी झाली आणि पलीकडच्या कोरड्या विहिरीत डोक्यावर पडली. दोर लावून उतरलेल्या पोरांनी अमरला वर आणलं तेव्हा मी त्याचं तोंड ओळखलं नाही. पायातल्या बुटांवरून ओळखलं. बूट मीच घेऊन दिले होते.

मग गर्दी देवीलालवर तुटून पडली. ज्या शालीनं सत्कार केला तीच गळ्यात आवळून त्याला स्टेजवरून खाली ओढला. चपला, काठ्या, दगड, ज्याच्या हाताला जे लागलं ते. बाबांनी त्याच्या उजव्या मनगटावर दगड घातला. मीही त्या गर्दीत घुसून एक लाथ घातली. पोलीस आले म्हणून तो वाचला. पुढं पंचनामा झाला आणि गाडीचा सांगाडा सुटला, तेव्हा आमच्याकडून कुणी घ्यायला गेलं नाही. देवीलालनं टेम्पो पाठवून तो आपल्या शेडमध्ये नेला. "पाप लपवून राह्यला," बाबा म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

तर त्या दिवशी मी तांड्यात पोचले. तांडा ऊसतोडीला गेलेला, घरांना कुलपं, माणूस नावाला. शेडच्या बाहेर देवीलालची सून पुष्पा तूर पाखडत होती. माझ्या पिशवीतून पान्याचं टोक बाहेर आलं होतं, ते तिनं पाहिलं.

"मामाजीले माराले आली का?"

"हो," म्हटलं.

"मार. पण डोकं सोडून. डोक्याले टाके हायेत." आणि ती पुन्हा सूप हलवायला लागली. "बोलत नाही ते कोणाशी. काय झालं, कसं झालं, मलेही नाही सांगत. मारल्यानं बोलले तर मलेही सांगजो."

आत देवीलाल ऐरणीशेजारी एका टायरवर बसला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, डोळ्याखाली काळंनिळं, ओठ फाटलेला. भिंतीवर कोइमतूरचे फोटो, सगळीकडं तो गाडीच्या बाजूला छाती काढून उभा. त्या फोटोंनी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मिस्त्री," मी मुद्दाम म्हटलं.

"मिस्त्री कोणी नाही इथं."

"मी अमरची बहीण. निशिगंधा."

"ओळखलं. तुही लाथ बरोबर बरगडीत बसली होती."

मी पाना काढला आणि त्याच्या डाव्या हातावर घातला. हात त्यानं मागं घेतला नाही. दुसरा घाव पोटरीवर बसला. तो कण्हला, टायरवरून घसरला आणि पुन्हा वर सरकून बसला. मला वाटलं होतं तो ओरडेल, शिव्या देईल, हात जोडेल. मार खाणारा माणूस असा बसून राहिला की मारणाऱ्याचं डोकं आणखी फिरतं. मी तिसऱ्यांदा मारलं ते खांद्यावर.

"हात मोडाचा होता ना?" तो धापा टाकत म्हणाला. "खांदा कायले फोडते? हात मोड अन् जाय. तुह्या बापाची शपथ आयकली मी. तो येईन त्याच्या आत निघ इथून."

"ब्रेक काहून नाही लागला?"

"नाही लागला."

"काहून?"

"लोखंड हाये. होते कधी असं."

हे मला खटकलं. हा माणूस माझ्या घरी जेवताना एका वायसरवरून अमरशी ताट गार होईपर्यंत भांडला होता. त्याच्या तोंडी 'होते कधी' हे शब्द बसत नव्हते. तो खोटं बोलत होता, आणि मला वाटलं, स्वतःची चूक झाकतोय. मी शेडभर नजर फिरवली. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी होतं. मी तिकडं निघाले.

तोवर गपगुमान मार खाणारा तो म्हातारा एकदम उठला. "तिकडं नाही," म्हणाला आणि प्लास्टरचा हात त्यानं माझ्या छातीवर हाणला. मी मागच्या ड्रमवर आपटले. डोकं फुटलं, रक्त भुवईवरून डोळ्यात आलं. मी उठून त्याच्या गुडघ्यावर पाना घातला, तो पडला, आणि पडल्या पडल्या त्यानं माझा पाय धरला. "नको पाहू, पोरी. बेटा, नको पाहू." मी दुसऱ्या पायानं त्याचा हात तुडवून सोडवून घेतला. ताडपत्री ओढली.

अमरची गाडी. सांगाडा चेपून निम्मा झाला होता आणि सीटवर रक्ताचे डाग वाळून काळे पडले होते. चारही चाकं काढून ठेवलेली आणि चाकांच्या मागं असतात त्या ब्रेकच्या लोखंडी चकत्या, डिस्क म्हणतात त्यांना, त्या एका फळीवर ओळीनं मांडलेल्या. मी एक उचलली. हाताला चिकट लागली. मध्ये जळून तपकिरी झालेली, पण कडेला पिवळी. मी वास घेतला. लोणी कढवताना खाली लागतं तसा वास. बाजूला ब्रेकचा चिमटा पडला होता, त्याच्या खाचेत कसलंतरी पान अडकून वाळलं होतं. गोल, जाड, शिरांचं पान. पळसाचं.

आई तेरवीपर्यंत एकच गोष्ट बरळत होती. "आवतण देल्लं होतं वं माय. चारही खांद्याले हात लावून आवतण देल्लं होतं." मला वाटायचं, दुःखानं तिला जुने बैल आठवतायत.

मी डिस्क फळीवर परत ठेवली. बाबा. पटाच्या आदल्या दिवशी अंगणात, गाडीचा जोर जिथं येतो तिथं, चारही चाकांच्या आत हात घालून, मायेनं.

देवीलाल सरपटत येऊन भिंतीला टेकला. आता तो पेटला होता. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडायला लागलं.

"गाडी काय बैल हाये? हां? ती डिस्क चिमट्यात धरल्या जाते तवा गाडी थांबते. तिले तूप! चांगलं हळद घालून, चोपडून चोपडून! चाळीस साल मी रेसमदी घालवले. लोकायनं माह्या इंजिनात साखर टाकली, माहे नट ढिले केले. दुश्मनानं असं नाही केलं जे तुह्या बापानं मायेनं केलं."

"मग सांगतलं काहून नाही?" मी विचारलं. "लोकायनं मारलं तुम्हाले. मी मारलं आता. काहून नाही सांगतलं?"

त्यानं सुजलेला गुडघा सरळ केला.

"माही रीत हाये," तो म्हणाला. "पयल्या धावेच्या आधी चारही डिस्क मी पेट्रोलनं धुतो. माह्या हातानं. दुसऱ्याले शिवू देत नाही. ताप असो, पाणी असो, धुतल्याशिवाय गाडी सोडली नाही कधी. त्या दिवशी मी शाल घेत होतो. माईकवाला माहं नाव घेऊन राह्यला होता अन् मले गोड वाटत होतं. पोराचा नंबर पुकारला, तो गेला. मी खाली असतो तर बोटाले तूप लागलं असतं."

"तरी पण..."

"तरी पण काय? पोराची राख निवली नाही त्या बापाले जाऊन सांगू, तुह्याच हातानं गेला म्हणून? दोनदा निघालो होतो सांगाले. फाट्यावरून वापस आलो." त्यानं फाटक्या ओठावरचं रक्त पुसलं. "साधू नको समजू मले. माहं नाव गेलं, त्याचं लई जळते. ह्या डिस्क साफ कराले रोज पेट्रोलचा डबा घेतो हातात, अन् रोज ठेवून देतो. वाटते, राहू दे. कधी तरी कोणी पाह्यन."

मला त्याचा राग यायला हवा होता की बाबांचा, तेच कळेना. रडूही येईना. अमरचं डोकं पुढं मागं होताना मला दिसत राहिलं. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली आणि पुष्पाचा आवाज आला, "दादा, आत पोरगी हाये तुमची, दादा, थांबा."

मी ताडपत्री पुन्हा ओढून टाकली. एवढंच करायला वेळ मिळाला.

बाबा कुणाची तरी गाडी घेऊन आले होते. दारात उभे राहून त्यांनी आधी मला पाहिलं, माझ्या तोंडावरचं रक्त पाहिलं, आणि मग खाली बसलेल्या देवीलालकडं पाहिलं. त्यांना काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं.

"पोरगं खाल्लं," ते म्हणाले. "आता पोरीवर हात टाकला?"

"बाबा, त्यायनं नाही..."

"तू बाहेर हो."

देवीलाल भिंतीला धरून उठला. मोडक्या हाताचा, सुजल्या गुडघ्याचा माणूस, पण फोटोतल्यासारखा छाती काढून उभा राहिला. "घनश्याम," तो म्हणाला, "माहाच ब्रेक फेल झाला. पोरीले बाहेर पाठव, मग कर काय कराचं ते."

बाबांनी मला पाठवलं नाही, सरळ कुऱ्हाड चालवली. तो घाव मानेवर जाणार होता. देवीलाल वळला म्हणून खांद्यात गेला. कुऱ्हाड उपसताना जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. रक्ताची चिळकांडी भिंतीवरच्या फोटोंवर गेली. देवीलाल ऐरणीवर कोसळला. मी बाबांच्या कमरेला मिठी घातली, त्यांनी कोपरानं माझं तोंड फोडलं. मी पुन्हा धरलं, त्यांनी झटकलं आणि मी पान्याजवळ जाऊन पडले.

"हात," बाबा म्हणाले. ते ओरडत नव्हते. "मी हात म्हटलं होतं." त्यांनी देवीलालचा डावा हात, तेवढाच न मोडलेला, ऐरणीवर ओढला, मनगटाच्या मागं गुडघा रोवला आणि कुऱ्हाड वर उचलली.

एक वाक्य पुरलं असतं. बाबा, तुम्ही डिस्कला तूप लावलं. तेवढ्यावर त्यांचा हात थांबला असता, हे मला पक्कं माहीत होतं. त्यापुढचंही माहीत होतं. ज्या माणसानं कधी कुणाला माफ केलं नाही तो स्वतःला करणार नव्हता. ती कुऱ्हाड त्यांनी तिथंच स्वतःवर फिरवली असती, नाही तर घरी जाण्याआधी अमर पडला ती विहीर गाठली असती. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

देवीलालनं मात्र उघडलं. मी त्याला दोष देत नाही. ऐरणीवर आपला हात आणि वर पातं असताना कोण गप राहील? "घनश्याम, आयक," तो म्हणाला, "तू त्या दिवशी चाकाले..."

मी पाना उचलला आणि बाबांच्या उजव्या हातावर घातला, कोपराच्या खाली, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. हाड मोडल्याचं मला पान्यातून माझ्या हाताला कळलं. कुऱ्हाड खाली पडली. देवीलालचं वाक्य तिथंच राहिलं.

बाबा जमिनीवर बसले. त्यांचा हात जिथं वाकू नये तिथं वाकला होता. त्यांनी आधी हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी कुऱ्हाड उचलून दारातून लांब कापसाच्या पऱ्हाटीत फेकून दिली आणि पाना हातात घेऊनच उभी राहिले.

"पोरी," देवीलाल खालून म्हणाला, "सांगून टाक त्याले. आता तरी..."

"तुम्ही एक शब्द बोलले तर जीव घेईन मी तुमचा," मी म्हटलं. तो गप झाला. मी खरंच घेतला असता.

बाबांनी मोडका हात मांडीवर घेतला. ते रडत नव्हते. अमर गेला तेव्हाही ते माझ्यासमोर रडले नव्हते.

"ह्याच्यासाठी?" ते म्हणाले. "अमरले मारणाऱ्यासाठी तू मले मारलं?"

"हो," मी म्हटलं.

"काय देल्लं त्यानं तुले?"

ते माझ्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत राहिले. मला वाटलं, माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं दिसेल. पण त्यांना दिसलं नाही. ते भिंतीला पाठ घासत उठले. मी धरायला पुढं झाले तर त्यांनी डाव्या हातानं मला दूर ढकललं.

"माहं एकच पोर होतं," ते म्हणाले. "ते मेलं."

पुष्पानं रस्त्यावर जाऊन एक ऑटो थांबवला आणि बाबांना महागावच्या दवाखान्यात नेलं. ते माझ्याबरोबर बसायला तयार नव्हते. देवीलालच्या खांद्यावर मी माझी ओढणी दाबून बांधली आणि फोन करून दुसरी गाडी बोलावली. रक्त कमी झालं होतं. तो ऐरणीला टेकून पांढराफटक पडला होता, पण शुद्धीवर होता.

मी ताडपत्री काढली. पेट्रोलचा डबा फळीखालीच होता. एक फडकं घेतलं, भिजवलं आणि पहिली डिस्क मांडीवर घेतली. माझ्या फुटलेल्या ओठाला पेट्रोलचा वास झोंबत होता. पिवळं सुटायला लागलं. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. चाळीस वर्षांच्या त्याच्या नावाची जी एक साक्ष उरली होती ती मी पुसत होते, आणि त्यानं नको म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

मी डिस्क उलटी करून दुसऱ्या बाजूनं घासायला लागले.

"असं नाही," शेवटी तो म्हणाला. "कडेनं घे. मंग चिमट्याच्या आत बोट घाल. तिथं राह्यते."

मी चिमट्यात बोट घातलं, पान ओढून काढलं आणि दुसरी डिस्क मांडीवर घेतली.